भुईचा काय गुन्हा

आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत पवित्र शास्त्रातल्या पहिल्या पुस्तकाचा, म्हणजे उत्पत्तीचा, चौथा अध्याय कधीच वाचला गेला नाही. लहान होते तेव्हा हे लक्षातच आलं नव्हतं. दादा (म्हणजे माझे वडील, आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो) दर एक जानेवारीला पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून काढायचे, रोज एक अध्याय, पहिला, दुसरा, तिसरा आणि मग सरळ पाचवा. त्यातली काइन आणि हाबेल या आदामाच्या दोन मुलांची गोष्ट मला संडे स्कूलमधे कळली, घरी नाही. एकदा मी विचारलं पण होतं, दादा मधला एक राहिला. ते म्हणाले, "राहू दे." विषय संपला.

आमची शेती जालन्याजवळ, पाच एकर, निम्मी काळी आणि निम्मी बरड. आमच्याकडचे बरेच ख्रिस्ती लोक आपलं मूळ बेथेलपर्यंत नेऊन पोचवतात. नारायण शेषाद्री म्हणून ब्राह्मण घरातले गृहस्थ १८४३ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, त्यांनी बेथेल वसवलं. आमचं घराणं नेमकं तिथलंच का हे मला छातीठोक सांगता येणार नाही, पण आजोबा म्हणायचे की आपल्याला देव आणि भुई दोन्ही बरोबरच मिळाले. म्हणून असेल, दादांना शास्त्र वाचताना जिथं जिथं भुईचा उल्लेख येतो तिथं थांबायची सवय होती. जेवणं झाली की कंदिलाजवळ बसायचे, आधी धोतराच्या काठात अडकलेली कुसळं एकेक करून काढायचे, ती कुसळं एका कागदावर जमा करायचे म्हणजे रात्री कुणाच्या अंगाखाली येऊ नयेत, आणि मग चष्मा लावून वाचायला सुरुवात. तिसऱ्या अध्यायात पहिला माणूस आदाम आणि त्याची बायको सर्पाच्या सांगण्यावरून बऱ्यावाईटाची जाण देणाऱ्या, मनाई केलेल्या झाडाचं फळ खातात, तेव्हा देव आदामाला सांगतो की तुझ्यामुळं भूमीला शाप आलाय, ती तुला काटे आणि कुसळं देईल, आणि तू निढळाच्या घामाने भाकर खाशील. हे वाचणाऱ्या माणसाच्या बाजूला कागदावर खरी कुसळं पडलेली असायची. मला ते चित्र आजही जसंच्या तसं दिसतं.

त्या ठिकाणी दादा एकदा वाचता वाचता थांबले आणि आईला म्हणाले, "पण भुईचा काय गुन्हा?"

आई म्हणाली, "वाचा पुढं."

हा प्रश्न मी तेव्हापासून सोबत घेऊन फिरतेय. लोक या गोष्टीवर नेहमीचे प्रश्न विचारतात, तेही मला पडतात, नाही असं नाही. देवानं ते झाड बागेच्या मधोमध लावलंच कशाला. ज्यांना बरंवाईट कळतच नव्हतं त्यांना आज्ञा मोडणं वाईट आहे हे कुठून कळणार, ते कळायला आधी फळ खावं लागणार ना. माझ्या संडे स्कूलमधल्या एका चौथीतल्या पोरीनं हे मला विचारलं तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी तिला तसं सांगितलं. देव म्हणाला होता खाशील त्या दिवशी मरशील, आणि आदाम तर नऊशे तीस वर्षं जगला असं पाचव्या अध्यायातच लिहिलंय. मग पाळक सांगतात की ते आत्मिक मरण होतं. असेलही. पण दादांचा प्रश्न या सगळ्यांपेक्षा मला जास्त लागतो कारण तो शेतकऱ्याचा प्रश्न आहे, पुस्तकातून काढलेला नाही.

पहिला अध्याय नीट वाचा. देव म्हणतो भूमी हिरवळ उपजवो आणि भूमी उपजवते. देव म्हणतो भूमी जनावरं उपजवो, तसं होतं. सांगितलेलं काम निमूट केलं आणि उलटून एक शब्द बोलली नाही, अशी ही भुई. आणि तिच्याकडं बघून देवानं म्हटलं की चांगलं आहे. दुसऱ्या अध्यायात माणूस घडवला तोही हिच्यातूनच, मूळ हिब्रूत माणसाला आदाम म्हणतात आणि भुईला अदामा, शब्द सुद्धा मायलेकरासारखे आहेत. मग लेकरानं चूक केली आणि शाप माईला. सर्पाला शाप आहे, भुईला शाप आहे, आणि गंमत नाही पण खरंच बघा, माणसाला आणि बाईला शिक्षा सांगितलीय पण "शापित" हा शब्द त्या दोघांसाठी तिथं वापरलेला नाही. ज्यानं ऐकलं नाही तो सुटला असं नाही, पण जिनं सगळं ऐकलं ती शापित.

बाईला जे सांगितलं त्यावर खूप लिहिता येईल, आज नाही लिहीत. एवढंच सांगते, १८४७ साली एडिंबरात सिम्प्सन नावाच्या डॉक्टरानं बाळंतपणात क्लोरोफॉर्म द्यायला सुरुवात केली तेव्हा काही धार्मिक लोकांनी हरकत घेतली की बाईच्या वेणा देवानं ठरवलेल्या आहेत, आणि त्यानं त्यांना शास्त्रातूनच उत्तर दिलं, की आदामाची फासळी काढायच्या आधी देवानं त्याला गाढ झोप लावली होती की. माझ्या पहिल्या बाळंतपणात, अठरा तास, मला एका नात्यातल्या बाईनं उशाशी बसून तिसऱ्या अध्यायातलं ते वचन ऐकवलं होतं. तिचा हेतू वाईट नसेल. मी मात्र ते विसरलेले नाही.

आता काइनाकडं येते.

२०१२ साली आमच्याकडं पावसानं पाठ फिरवली. ज्यांनी तो आणि पुढचा उन्हाळा जालन्यात काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, टँकर आला की बायका हंडे घेऊन धावायच्या, आणि मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. जालन्याची मोसंबी म्हणजे आमचा अभिमान, दादांनी दीड एकर बाग पंधरा वर्षं लेकरासारखी वाढवलेली. त्या नोव्हेंबरात चर्चमधे हंगामाचा सण आला. या सणाला शेतकरी आपापल्या पिकातलं आणतात, वेदीपुढं ठेवतात, प्रार्थना होते आणि नंतर सगळ्याचा लिलाव होतो. कुणी विकतची सफरचंदं आणली होती, कुणी केक, आणि दादांनी फडक्यात बांधून आणली होती लिंबाएवढी, वाळून कडक झालेली मोसंबी. बारा होती. मी मोजली होती. उपासनेत एकशे छत्तिसावं स्तोत्र होतं, त्यात दर ओळीनंतर "त्याची दया सनातन आहे" असं येतं, सव्वीस वेळा. मंडळी मोठ्यानं म्हणत होती आणि माझ्या बाजूला दादांचे ओठ हलत नव्हते.

लिलावात ती मोसंबी कुणी घेतली नाहीत. कुणाचा दोष नाही, काय करणार होते घेऊन. दादांनी फडकं परत बांधलं आणि आम्ही घरी आलो. त्या संध्याकाळी त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की ते चौथा अध्याय कामून वाचत नाहीत.

म्हणाले, "तिसऱ्यात भुईला शाप दिला. बरं, दिला. मग चौथ्यात काइन त्याच भुईतलं पीक घेऊन येतो, तर देव त्याच्याकडं बघत बी नाही. अगं शापलेल्या भुईचंच आणणार ना तो? दुसरं कुठून आणणार? ढोरामागं फिरणाऱ्या भावाचं चाललं, आन् रानात मरणाऱ्याचं नाही चाललं."

मी शिकलेली, मी लगेच समर्थनाला लागले. म्हणलं दादा, हाबेलानं पहिली पिल्लं आणली, चांगलं ते आणलं, काइनानं उरलंसुरलं आणलं असेल. नव्या करारात लिहिलंय की हाबेलानं विश्वासानं अर्पण केलं. ते म्हणाले, "ते मागून लिहिलं. त्या अध्यायात लिव्हलंय का, की त्यानं उरलंसुरलं आणलं?" मी उघडून बघितलं. नाही लिहिलेलं. काइनानं भूमीच्या पिकातलं काही आणलं, एवढंच आहे. हाबेलानं पहिलं आणि पुष्ट आणलं हे आहे, पण काइनाचं वाईट होतं असं कुठंच नाही. ते आपण घालतो. देव चांगला राहावा म्हणून आपण काइनाला कंजूष करून टाकतो, आणि हे मी पंचवीस-तीस वेळा संडे स्कूलमधे लेकरांना शिकवलेलं होतं.

पुढं काइनानं जे केलं ते केलं, त्याची बाजू दादा पण घेत नव्हते. भावाला रानात नेऊन मारणं याला माफी नाही. पण तिथंही बघा, भावाचं रक्त भुईतून ओरडतं, आणि काइनाला शिक्षा काय तर भुई तुला पीक देणार नाही. परत भुईच.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार बोचते ती सांगते. दुःख आलं की पाप शोधायची ही जी सवय आपल्याला लागलीय ना, ती या गोष्टीतून आलीय असं म्हणतात. १९९३ साली मी सातवीत होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी असतील, आमच्या घरातली मांडणीवरची भांडी वाजली आणि आई उठून बसली. उजेडल्यावर रेडिओवर किल्लारीच्या भूकंपाचं कळलं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. दादा आणि चर्चमधले तीन-चार जण ज्वारीची पोती आणि चादरी घेऊन ट्रकनं गेले, आठ दिवसांनी आले, आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. नंतर थोडं थोडं सांगितलं. दोन-अडीच फुटी दगडाच्या भिंती, दगडांच्या मधे नुसती माती, आणि वरून माळवद, लाकडावर मातीचा थरावर थर. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून पिढ्यानपिढ्या बांधलेली घरं, तीच अंगावर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली म्हणतात.

पुढच्याच महिन्यात एका रविवारी बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकानं उपदेशात सांगितलं की हा देवाचा न्याय आहे, विसर्जनाच्या रात्रीच का झालं ते ओळखा. दादा उठले. आमच्या चर्चमधे उपदेश चालू असताना कुणी उठत नाही. ते चपला हातात घेऊन बाहेर गेले आणि बाहेर निंबाखाली उभे राहिले, आणि मी त्यांच्या मागं गेले. मला म्हणाले, "तान्ही लेकरं होती त्या दगडाखाली. त्यांनी कोणतं फळ खाल्लं होतं?"

हे दादा बोलले तेव्हा त्यांना माहीत होतं की खुद्द येशूनं पण हेच सांगितलंय. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे, आणि येशू विचारतो की ती काय यरुशलेमात राहणाऱ्या सगळ्यांपेक्षा जास्त पापी होती? आणि स्वतःच म्हणतो, नाही. तो पुढं पश्चात्तापाचं बोलतो, पण त्या मेलेल्यांवर पाप नाही टाकत. हे वचन त्या उपदेशात आलं नाही. आणि नंतर कळत गेलं तसं लक्षात आलं की हे फक्त आमच्याकडंच नाही, १७५५ साली लिस्बनला सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक चर्चमधे असताना भूकंप झाला तेव्हाही असेच बोलणारे निघाले होते आणि त्यांना जाब विचारणारेही निघाले होते.

पवित्र शास्त्रातलं ईयोब नावाच्या एका नीतिमान माणसाचं पुस्तक मी त्यानंतर खूप वर्षांनी नीट वाचलं. त्याची लेकरं गेली, ढोरं गेली, अंगभर फोड आले, आणि त्याचे मित्र येऊन बसले. पहिले सात दिवस ते काहीच बोलले नाहीत, तेवढंच त्यांनी बरोबर केलं असं मला वाटतं. त्यानंतर तोंड उघडलं ते देवाची वकिली करायला, की देव न्यायी आहे, तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब मात्र भांडतो, जन्मलो त्या दिवसाला शिव्या देतो, देवाला कोर्टात बोलवायची भाषा करतो. शेवटी देव बोलतो तेव्हा त्याचं उत्तर मला पूर्ण पटत नाही, पर्वत आणि मगरी दाखवून लेकरांचा हिशोब होत नाही. पण शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे वकिली करणारे चुकले आणि भांडणारा बरोबर ठरला, हे देवाच्या तोंडचं आहे! मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मला दादांना फोन करावा वाटला होता.

आमच्या शेजारच्या वारकरी मावशींना मी हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "अगं आमची जनाबाई तर विठ्ठलाला विठ्या म्हणून शिव्या घालती." जनाबाई गंगाखेडची, म्हणजे आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातली. मला फार बरं वाटलं ते ऐकून, कारण ज्या मातीत मी वाढले तिथं देवाशी भांडणं म्हणजे देव सोडणं नव्हे हे सातशे वर्षांपासून माहिती आहे. आणि पंडिता रमाबाईंची आठवण झाली. त्यांचे आईवडील दुष्काळात, उपाशी गेले, डोळ्यांसमोर. त्याच बाईनं पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, त्यांच्या मरणानंतर १९२४ साली ते छापून आलं. देवानं पाहिलं आणि ते फार चांगलं होतं, हे वाक्य मराठीत लिहिताना त्यांचा हात थांबला असेल का? मला तो हात बघायला मिळायला हवा होता.

दादांच्या प्रश्नाचं काय, तर मी त्याचा माग काढत गेले. पाचव्या अध्यायात, ज्याला सगळे नुसती वंशावळ म्हणून घाईनं वाचतात, लामेख नावाचा एक बाप आहे. त्याला मुलगा होतो, नाव ठेवतो नोहा, आणि म्हणतो की परमेश्वरानं शापलेल्या भुईमुळं आमचे जे कष्ट आहेत त्यात हा आम्हाला दिलासा देईल. थकलेला शेतकरी आहे तो! दुसरं काही मागत नाही. मग जलप्रलय येतो, ज्यात पुन्हा लेकरं, ढोरं, सगळं बुडतं, आणि त्याचं समर्थन मी कधीच करू शकले नाही, संडे स्कूलमधे तारवाचं रंगीत चित्र लावून जिराफ मोजायला सांगणं मी बंद केलंय. पण पाणी ओसरल्यावर, आठव्या अध्यायाच्या शेवटी, देव आपल्या मनात म्हणतो की माणसामुळं मी भुईला पुन्हा शाप देणार नाही. आणि कारण काय देतो, की माणसाच्या मनातले विचार लहानपणापासून वाईटच असतात. म्हणजे माणूस सुधारला म्हणून नाही. माणूस तसाच आहे, पण भुईला का मारायचं. देवाला दादांचा प्रश्न पडला होता असं मला ते वाचून वाटलं. पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन बंद होणार नाहीत असंही तो म्हणतो.

हे मी दादांना दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग चुकलं होतं असं म्हणला का तो?" मी म्हणलं, तसं स्पष्ट नाही म्हणला. "हं," म्हणले.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर आला. मराठवाड्यात त्या महिन्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, आमचं जालना, ज्या भागात टँकरची वाट बघायची सवय त्या भागात लोक घराच्या छतावर बसून राहिले. आमच्या रानाच्या कडेचा ओढा एका रात्रीत रानातून वाहिला. मी तिसऱ्या दिवशी पोचले. काळ्या रानाचा निम्मा तुकडा खरडून गेला होता, खाली पांढरा मुरूम उघडा पडला होता, जनावराचं कातडं सोलल्यावर दिसतं तसं. काळी माती म्हणजे काय, बसॉल्टचा खडक झिजून झिजून झालेली, तो खडकच सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यातली इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ती माती एका रात्रीत गेली. भाऊ बांधावर उभा होता आणि म्हणत होता की पीक गेलं तर पुढच्या साली येतं ताई, रान कुठून आणू.

मी आठवा अध्याय तेव्हा काढला नाही. माझ्या पर्समधे होता. पण काढून कुणाला दाखवणार होते, वचन पाळलं का म्हणून मीच विचारत होते. पावसाचं चक्र माणसानं बिघडवलंय, ओढ्यांवर अतिक्रमणं झालीत, हे सगळं मला कळतं आणि खरंही आहे. तरी त्या मुरमावर उभं राहून देवाला एक शब्दही विचारायचा नाही हे मला जमलं नाही. मी विचारलं. मोठ्यानं विचारलं, भाऊ तिथंच होता.

उरलेल्या रानात सोयाबीन होतं, पण चार दिवस पाण्यात राहून शेंगेतच कोंब फुटले. दाणे काळे पडले, वास यायला लागला. त्या आठवड्यात एका संध्याकाळी दादांनी शास्त्र काढलं. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढं, भिंग लागतं वाचायला. जानेवारी नव्हता तरी त्यांनी उत्पत्ती काढलं, चौथा अध्याय, आणि आमच्या घरात पहिल्यांदा तो मोठ्यानं वाचला गेला. काइन आणि त्याचं अर्पण, याकडं देवानं पाहिलं नाही, इथं ते थांबले नाहीत. सावकाश, अक्षर अक्षर लावत, शेवटपर्यंत वाचलं. काइनाला कुणी मारू नये म्हणून देव त्याला खूण करतो तिथपर्यंत, आणि त्याच्याही पुढं.

नोव्हेंबरात हंगामाचा सण होता. भाऊ म्हणाला आपण या वर्षी नुसतं पाकीट टाकू. दादांनी ऐकलं नाही. त्यांनी भावाकडून एक लहान पोतं भरून घेतलं, ते कोंब फुटलेलं, काळं पडलेलं सोयाबीन. चर्चमधे वेदीपुढं फळांच्या टोपल्या, ऊस, झेंडूच्या माळा, आणि त्यात ते पोतं. वास पुढच्या दोन बाकांपर्यंत येत होता, काही बायकांनी पदर नाकाला लावला. पाळकांनी विचारलं, कुणाला प्रार्थना करायचीय का. दादा उठले, काठी भावाकडं दिली, पुढं गेले आणि पोत्याचं तोंड सोडून दोन्ही हातांनी खाली मुडपलं, म्हणजे आतलं दिसावं.

मग वर बघून म्हणाले, "परमेश्वरा, हेच आलंय. बघ."

आमेन म्हणाले नाहीत. तिथंच उभे राहिले, आणि मंडळी पण कुणी बसली नाही.